पुष्पाबाईंची दादर

सुरतेतल्या लिंबायतच्या त्या गल्लीत जन्माला यायचं आणि पुष्पाबाईंच्या पायांवर पालथं न पडता मोठं व्हायचं, हे जवळजवळ अशक्यच. बाई दारात पाट टाकून बसणार, साडी गुडघ्यापर्यंत खोचणार, दोन्ही पाय लांब सोडणार आणि नडग्यांच्या मधल्या खोबणीत पोर असं काही बसवणार की त्यानं रडायचंच विसरावं. मग कोमट तेल, मग डाळीचं पीठ, मग ऊन ऊन पाणी, आणि या सगळ्यावर बाईंची अखंड बडबड. आज त्या गल्लीतून मिशा फुटलेले जे गडी कापडाच्या लूमवर कामाला निघतात, त्यांच्यातल्या निम्म्यांना बाई हाक मारून सांगतात, "ए, लई ऐट करू नको! माझ्या पायावर मुतलेला आहेस तू!" गडी मान खाली घालतो आणि मुकाट्यानं रिक्षात बसतो.

बाई मूळच्या अमळनेरकडच्या, तापीकाठच्या. लग्न झालं आणि छगनरावांच्या मागोमाग सुरतेला आल्या. छगनराव बमरोलीला लूम चालवतात. सगळं आयुष्य खटखटाटात गेल्यामुळं घरी ते फार बोलत नाहीत. बोलायला जागाच मिळत नाही, हे दुसरं कारण.

बाईंना दोन गोष्टींचा भारी अभिमान. एक म्हणजे माहेरची दादर. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, दादर म्हणजे खान्देशातली रब्बीची ज्वारी. काळ्या जमिनीत, पावसाच्या थेंबाविना, नुसत्या थंडीवर आणि दवावर येते. तिची भाकरी तव्यावर टम्म फुगते, आणि शेवेच्या भाजीबरोबर खाणारा माणूस किती खाल्ल्या ते सांगत नाही. दरवर्षी होळीनंतर बाईंचा धाकटा भाऊ हेमराज गावाकडून दादरचं पोतं पाठवायचा. पोतं उतरलं की बाई आधी मूठभर दाणे हातात घेऊन वास घ्यायच्या, आणि मगच पोतं आणणाऱ्याला पाणी द्यायच्या.

दुसरा अभिमान आपल्या गुजरातीचा. "मला सुरतेत येऊन जन्म लोटला," त्या म्हणायच्या, "माझं गुजराती ऐकून गुजराती लोक चाट पडतात." आता ते नेमके कशानं चाट पडायचे, ते आपण सोडून देऊ. भाजीवाल्याशी हुज्जत घालायला, रिक्षावाल्याला वाकडं बोलायला आणि शेजारणीचं सांत्वन करायला पुरेसं गुजराती बाईंकडं होतं. आजारपणाचं गुजराती मात्र त्यांना कधी लागलंच नव्हतं. बाई कधी आजारीच पडल्या नव्हत्या ना!

आणि पडल्या त्या नेमक्या नको त्या वेळी. लेक नूतन, दिलेली नंदुरबारला, पहिलटकरीण. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला बाळंतपणाला माहेरी येणार होती. गल्लीभरच्या पोरांना न्हाऊ घातलं, आता घरचं पोर पायावर घ्यायचं, या एका विचारावर बाई तरंगत होत्या. तेलाची बाटली उन्हात ठेवली होती, जुन्या मऊ धोतरांचे लंगोट फाडून झाले होते. आणि अशात एके दिवशी परकराच्या नाडीखाली कमरेला खाज सुटली.

आधी वाटलं, घामोळं असेल. सुरतेची हवा, अंगावर कायम नायलॉन नाहीतर पॉलिस्टर, घाम काही वाळत नाही. पण बघता बघता गोल चट्टा उठला. कडा लालभडक, मधे साफ. मग त्याच्या शेजारी दुसरा. गल्लीत तेव्हा एक ट्यूब फिरत होती. कुणीतरी मेडिकलवाल्याला विचारून आणलेली, आणि विरजणासारखी या घरातून त्या घरात जाणारी. बाईंनी ती चोळली. दुसऱ्याच दिवशी खाज गायब! बाई खूश. पण आठवडा उलटतो न उलटतो तोच चट्टा पहिल्याहून मोठा होऊन परत आला, आणि येताना डाव्या नडगीवर एक, उजव्या नडगीवर दोन अशी पिल्लावळ घेऊन आला.

नडगीवर! बरोबर जिथं पोराची पाठ टेकते तिथं. बाई एकट्याच पाय लांब करून बघत बसल्या. बाई कितीही तोंडाळ असल्या तरी मनानं सरळ. असल्या पायावर परक्याचं लेकरू घ्यायचं नाही, हे त्यांनी त्याच क्षणी ठरवलं. गल्लीत सांगितलं, "गुडघे धरलेत." नूतनला तर अवाक्षर कळू दिलं नाही. तिची सासू आधीच म्हणत होती, "इथंच होऊ द्या की बाळंतपण." हे समजलं असतं, तर लेक आणि नातवंड दोन्ही नंदुरबारलाच राहिली असती. मग बाईंनी पदर खोचला आणि चामडीच्या डॉक्टरकडं गेल्या.

डॉक्टर हर्षदाबेन म्हणजे गुजराती, हसतमुख, बोलायला भराभर. त्यांनी भिंगातून चट्टे पाहिले, पात्याच्या बोथट कडेनं नडगीवरचा कोंडा हळूच खरवडून काचेवर घेतला, त्यावर औषधाचा थेंब टाकला आणि थोड्या वेळानं सूक्ष्मदर्शकात डोळा घालून म्हणाल्या, "आ तो दादर छे, पुष्पाबेन."

बाईंनी विचारलं, "दादर?"

"हा, दादर." मग डॉक्टरनी गोळ्या लिहिल्या, मलम लिहिलं, ती जुनी ट्यूब फेकायला सांगितली, आणि बोट नाचवत बजावलं, "दादर पूरेपूरी न जाय त्यां सुधी दवा चालू राखवानी. वच्चे बंद नहीं करवानी. समज्यां?"

बाईंना शब्द न् शब्द समजला. गुजराती येत होतं ना! दादर पुरती जात नाही तोवर औषध चालू ठेवायचं, मधे बंद करायचं नाही. म्हणजे घरातली दादर संपली की औषधही संपलं. बाईंना नवल एवढंच वाटलं, की डॉक्टरला कसं कळलं बरं आपल्या घरात दादर आहे म्हणून? मशीनमधे दिसली असणार. हल्ली काय काय निघालंय!

रिक्षात बसून बाई घरापर्यंत रडत आल्या. ज्या दादरवर वाढले, ती अंगावर उठली! पण रडून भागणार होतं का? नातवंड दारात येऊन ठेपलेलं. घरी येताच त्यांनी पोतं ओढून बाहेर काढलं, सूप घेतलं आणि गल्लीत घरोघर दादर वाटत सुटल्या. बायकांनी टोपली भरभरून घेतली आणि तोंड भरून आशीर्वाद दिले. कोपऱ्यावर मगनभाई राहायचे, कतारगामच्या हिऱ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, गल्लीतले एकमेव गुजराती. बाईंनी त्यांच्याही दारात जाऊन गोड आवाजात विचारलं, "मगनभाई, मारे त्यां बहु दादर छे. थोडी तमने आपुं?"

मगनभाई दोन पावलं मागं सरले. हात जोडले, "ना बेन, ना," म्हणाले आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचाही आवाज आला.

"बघा तरी माज!" बाई घरी येऊन म्हणाल्या. "फुकट द्यायला गेले तर दार लावतो मेला!"

मग त्यांनी हेमराजला फोन लावला. पुढच्या वर्षी दादर पाठवू नको, असं सांगितलं.

"काय जयं ताई?" हेमराज म्हणाला. "यंदा दादर कडू लागनी का?"

"कडू नाही रे बाबा. मला मानवत नाही."

"जलमापासून खात आली, आणि आता मानवत नाही?" एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. भावाचं मन दुखावलं हे बाईंना कळलं, आणि त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून घरात गव्हाच्या पोळ्या सुरू झाल्या. छगनरावांनी ताटाकडं पाहिलं, बायकोच्या तोंडाकडं पाहिलं आणि पोळी खाल्ली. औषध आणलंच आहे म्हणून बाईंनी मलम इमानदारीनं लावलं, गोळ्याही घेतल्या. आठवड्याभरात खाज गेली, चट्टे फिकट पडले. झालं! घरात दादरचा दाणा नाही, पायावर लाली नाही. बाईंनी मलमाची ट्यूब केराबरोबर बाहेर टाकली आणि हात जोडून म्हणाल्या, "हर्षदाबेन म्हणजे देवी आहे, देवी!"

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. महिना सरायच्या आत चट्टे परत आले, आणि या वेळी अगदी ठाण मांडून.

बाई विचारात पडल्या. दादर तर घरातून गेली, मग हे कशावर पोसतंय? आणि एकदम त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. छगनराव! हल्ली संध्याकाळी घरी एकच पोळी खातात. "भूक नाही," म्हणतात. आणि अंगानं मात्र भरत चाललेत!

त्याच संध्याकाळी बाईंनी पाळत ठेवली. छगनराव कामावरून सुटले ते घरी न येता सरळ किसनच्या घरात शिरले. किसन त्यांचा लूमवरचा जोडीदार, दोन घरं पलीकडं राहायचा. बाई दारात जाऊन उभ्या राहिल्या, तेव्हा छगनराव मांडी ठोकून बसले होते, ताटात शेवेची भाजी होती आणि हातात दादरची वाफाळती भाकरी.

"मनी माय वं!" बाई किंचाळल्या. "वाटलेली दादर चोरून खाता? तिकडं माझ्या अंगाला आग लागलीय आणि तुम्ही इथं तिला तेल घालताय!"

छगनरावांचा घास तोंडातच राहिला. किसनची बायको भाकरी थापायची थांबली.

"उद्याच्या उद्या चला डॉक्टरकडं," बाई म्हणाल्या. "तिथंच तुमचा न्याय होईल."

छगनरावांनी हातातली भाकरी तेवढी संपवली, आणि उठले.

दुसऱ्या दिवशी दोघं हर्षदाबेनसमोर बसले. बाईंनी पाय पुढं केले. डॉक्टरनी भिंग लावलं, भुवया चढवल्या आणि घरात आणखी कुणाला आहे का, हा नेहमीचा प्रश्न विचारला, "घरमां बीजा कोईने दादर छे?"

"छे ने!" बाई ताडकन उठून नवऱ्याकडं बोट करत म्हणाल्या. "आ रह्या! छानामाना खाय छे! चोरून खातात, चोरून!"

आता गंमत अशी झाली, की छगनराव कानापर्यंत लाल झाले. बायकोला सगळं कळलंय असं त्यांना वाटलं. ते खाली बघत पुटपुटले, "थोडीच आहे... कमरेला. आणि जरा मांडीला. सांगणार होतो मी."

"कमरेला?" बाई म्हणाल्या. "भाकरी कमरेला?"

"भाकरी कुठून आली?"

"मग दादर कुठून आली?"

डॉक्टर हर्षदाबेन एकदा हिच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत होत्या. "खाय छे?" त्यांनी सावकाश विचारलं. "दादर खाय छे?"

छगनरावांना आयुष्यात पहिल्यांदा बायकोच्या आधी काहीतरी समजलं. लूमवर गुजराती मास्तराच्या तोंडी हा शब्द रोजचा होता. ते म्हणाले, "अगं, दादर म्हणजे आपली ज्वारी नाही. गुजरातीत दादर म्हणजे गजकर्ण. आपल्याकडं गचकरण म्हणतात ना, ते!"

बाईंनी डॉक्टरकडं पाहिलं. मग स्वतःच्या नडगीकडं पाहिलं. मग त्यांना एकेक आठवायला लागलं. ओढून काढलेलं पोतं. हेमराजचा पडलेला आवाज. आणि मगनभाईंच्या दारात गोड आवाजात म्हटलेलं ते वाक्य.

"आई गं!" त्यांनी पदर तोंडावर घेतला. "मी त्या माणसाला गजकर्ण द्यायला गेले होते! सुपात घालून!"

छगनरावांनी सगळी हकिकत मोडक्यातोडक्या गुजरातीत डॉक्टरला सांगितली. डॉक्टर आधी गंभीर राहायचा प्रयत्न करत होत्या. पोतं वाटेपर्यंत त्यांना जमलं. मगनभाईंनी कडी घातली तिथं मात्र त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पोट धरून हसल्या. बाईही हसल्या. हसता हसता पदर कधी डोळ्यांना लागला ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. शरम होती, हसू होतं, आणि भावाला उगाच दुखावल्याचं दुःखही होतं.

"आणि तुम्हाला हा शब्द माहीत होता तर बोलला का नाहीत?" त्या नवऱ्यावर वळल्या.

"मला वाटलं डॉक्टरनं ज्वारीचं पथ्य सांगितलं असेल. विचारायला गेलो असतो तर माझंही गजकर्ण उघडं पडलं असतं."

मग हर्षदाबेननी पुन्हा कोंडा खरवडून काचेवर घेतला आणि बाईंना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. बाईंनी एक डोळा मिटून आत पाहिलं. बारीक बारीक पारदर्शक दोरे, एकातून दुसरा फुटलेला, सगळीकडं पसरलेले. ही बुरशी, डॉक्टर म्हणाल्या. दादर तीच.

"हा तर धागा आहे!" बाई म्हणाल्या. "बघा हो, तुमचा लूम माझ्या पायावर चालू आहे!"

छगनरावांनीही वाकून पाहिलं आणि जाणकारासारखी मान हलवली. "ताणा आहे, बाणा नाही. नुसते उभे धागे, आडवा एक नाही. कच्चं काम," ते म्हणाले.

या वेळी डॉक्टरनी सावकाश, अर्धं हिंदीत सांगितलं. ती गल्लीतली ट्यूब लाली दाबते, पण बुरशीला आतून पोसते. नवीन औषध चट्टा दिसेनासा झाला तरी लावत राहायचं, मी सांगेन तोवर. नवऱ्यानं आणि बायकोनं दोघांनीही घ्यायचं, नाहीतर हा तिला देईल आणि ती त्याला. टॉवेल वेगळे, कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. अंगाला सुती. आणि मुख्य म्हणजे, "कोरुं राखजो." कोरडं ठेवायचं.

"आणि माझं नातवंड?" बाईंनी विचारलं.

दुपट्यात गुंडाळून मांडीवर घ्या, डॉक्टर म्हणाल्या. उघड्या पायावर मात्र, मी हो म्हटल्याशिवाय नाही.

बाईंनी जन्मात कुणाचं ऐकलं नव्हतं, पण या बाईचं ऐकलं. साड्यांचे डोंगर असलेल्या सुरतेत सुती परकर शोधत दोन बाजार पालथे घातले. पाय धुतले की वारा घालून, टिपून टिपून कोरडे करायच्या. छगनराव दोरीवर दोन टोकांना दोन टॉवेल वाळत घालायचे आणि मधे आपण पहारेकऱ्यासारखे उभे राहायचे. हेमराजला फोन करून बाईंनी सगळं सांगितलं, तर तो इतका हसला की त्याच्या बायकोनं येऊन फोन हातात घेतला. गल्लीत तर काय, ती ट्यूब फिरायची थांबली आणि ही गोष्ट फिरायला लागली. "पुष्पाबाईंनी गल्लीभर दादर वाटली," असं म्हणून बायका एकमेकींच्या अंगावर पडायच्या. बाईंनी रागवायचं सोडून स्वतःच ती जास्त रंगवून सांगायला सुरुवात केली, आणि सांगून झालं की प्रत्येकीला डॉक्टरचा पत्ता द्यायच्या.

नूतन आली. तिला सगळं कळलं, आणि ती काही नंदुरबारला परत गेली नाही. "सासूबाईंना काय सांगायचं ते मी बघते," म्हणाली. अखाजी झाली, आणि मुलगी झाली. काळीभोर जावळ, आणि रडणं असं खणखणीत की छगनराव म्हणाले, "ही आजीवर गेलीय."

पण पाटावर बसली नूतन. बाई दाराच्या चौकटीत उभ्या. तळहात चोळत.

"पाठ धर, पाठ! मान सांभाळ! अगं भांडं घासतेस का पोर धुतेस?"

"आई, तू आत जा बरं."

बाई आत जायच्या, आणि लगेच परत चौकटीत यायच्या. दुपट्यात गुंडाळलेली नात मांडीवर घेऊन बसल्या की त्यांना बरं वाटायचं, पण त्यांच्या नडग्या रिकाम्या होत्या. इतकी परकी पोरं या पायांवरून उतरली, आणि घरचं पोर तेवढं वर चढेना, हे दुःख त्यांना आतून खायचं. पण डॉक्टरचं मलम चुकवलं नाही.

शेवटी हर्षदाबेननी एके दिवशी भिंग लावून दोन्ही पाय उलटसुलट तपासले, पुन्हा खरवडून काचेवर पाहिलं आणि हात झटकत म्हणाल्या, "दादर गई, पुष्पाबेन!"

"पूरेपूरी?"

"पूरेपूरी."

बाईंनी पिशवीतून फडक्यात बांधलेल्या भाकरी काढून टेबलावर ठेवल्या. किसनच्या घरी वाटलेल्या दादरपैकी थोडी उरली होती, तिच्या. "आ अमारी दादर," त्या म्हणाल्या. "आ खावानी!"

येताना त्यांनी दोन भाकरी मगनभाईंच्या दारातही नेल्या. मगनभाईंनी आधी दाराच्या फटीतून पाहिलं, मग कडी काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाट पडला. शेजारच्या बायका आपापल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. बाईंनी साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि पाय लांब सोडले. नूतननं बाळ आणून त्यांच्या नडग्यांच्या खोबणीत ठेवलं. आणि काय सांगू, गल्लीभर पोरांना न्हाऊ घातलेल्या त्या हातांना सुरुवात कुठून करायची तेच आठवेना. तेलाची वाटी नुसतीच हातात धरून बाई बसून राहिल्या.

"पाठ धर आई, पाठ!" नूतन चौकटीतून ओरडली. "मान सांभाळ!"

बायका हसल्या. बाईंनी हात टेकवला. त्या एवढ्याशा पाठीची ऊब नडगीला लागली, आणि तेवढ्यात पोरीनं पाय ताणले, आजीकडं बघितलं आणि धार सोडली. ज्या जागी चट्टा होता, नेमकी तिथं.

छगनराव टॉवेल घेऊन धावले. "अगं, डॉक्टरनं कोरडं ठेवायला सांगितलंय!"

"व्हा बाजूला!" पुष्पाबाई म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही. "भिजू द्या!"